तोंच्का उत्तर देत नाही

स्रेच्कोच्या घराची किल्ली माझ्याकडे असते,
पिठाच्या डब्यामागे, खिळ्याला.
तो ट्रक चालवतो. सोमवारी आमची दरी उतरला
की शुक्रवारपर्यंत रॉटरडॅम, अँटवर्प, कुठे कुठे.
मागे उरतात मधमाश्यांच्या अकरा पेट्या,
प्रत्येकीखाली एक वजनकाटा,
आणि स्वयंपाकघरात लुकलुकणारा राउटर.

काटे राउटरला वजन सांगतात.
राउटर ते कुणालाही सांगायला तयार,
फक्त तो राहतो कुठे, हेच बदलत राहतं.
घर जागच्या जागी. दारचा अक्रोडही.
पण कंपनी रात्री तीनच्या सुमाराला
त्याचा पत्ता काढून घेते, नवा देते,
आणि जुना देऊन टाकते कुणा परक्याला,
त्सेल्येतल्या एखाद्या दंतवैद्याला म्हणा.
एकदा स्रेच्को अर्धा तास
त्या परक्याचं दार ठोठावत बसला होता,
आपल्या माश्या कशा आहेत विचारत.

म्हणून फोन मला. सकाळी सहाला.
मी बूट चढवून रस्ता ओलांडायची,
त्याचा जुना लॅपटॉप उघडून वाचून दाखवायची:
चार आकडे, मध्ये तीन टिंबं.
आमच्या भाषेत एकक आधी, दशक मागून.
'तीन आणि नव्वद' म्हटलं
की हा घाईत तीन दाबणार, मग नऊ.
"लागत नाही गं!"
"आधी पुरतं ऐक, मग दाब!"
मग श्वास सोडल्याचा आवाज, आणि
"सातवी दोन किलोंनी वाढली, तोंच्का.
लिंडेन फुललाय तुमच्याकडे."
लिंडेन माझ्या खिडकीसमोर आहे.
मी वळून बघायची. खरंच फुललेला असायचा.

मग सुट्टीत त्याची भाची आली, नेझा.
तिने लॅपटॉपमध्ये काहीतरी बसवलं.
ते दर पाच मिनिटांनी विचारतं, आज आपण कुठे राहतो?
आणि उत्तर एका नावापुढे लिहून ठेवतं.
आकडे कितीही बदलोत, नाव तेच.
याने फक्त नावाने हाक मारायची.
"नाव काय ठेवलंस?" मी विचारलं.
नेझा हसली. "मामा म्हणाला, तुमचंच ठेव."

तर आता माझ्या नावाची एक आहे,
जी झोपत नाही, जिचे गुडघे दुखत नाहीत,
जिला तीन आणि नव्वद एका दमात कळतं.
चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.
सहाला मला जाग येतेच.
कॉफी करते. फोनकडे बघत नाही
असं म्हणणार होते.

फेब्रुवारीत पाऊस पडता पडता गोठला.
तारांवर मनगटाएवढं बर्फ,
रात्रभर जंगलात फांद्या मोडल्याचे आवाज.
दोन दिवस वीज नाही.
दुसऱ्या संध्याकाळी मोबाईल वाजला, त्यात एक रेघ उरलेली.
"तोंच्का," तो म्हणाला, "तोंच्का उत्तर देत नाही."
"देतेय की," मी म्हटलं.

क्षणभर काहीच नाही. मग दोघंही हसलो,
मी जरा जास्तच.

काठी घेतली, बुटांवर जुने मोजे चढवले.
रस्ता काचेचा. वीस पावलांना पंधरा मिनिटं.
आत राउटर काळा, लॅपटॉप काळा.
वाचायला एकही आकडा नाही, टिंबसुद्धा नाही.
तशीच मागे गेले. सातव्या पेटीच्या फळीला
कान लावला, बोटाने एकदा टकटक केली.
आतून उठला तो आवाज,
बंद दाराआड कुणी किटली ठेवावी तसा,
आणि हळूहळू खाली बसला.
मी फोन फळीला टेकवला, धरून राहिले.
हात बधिर होईपर्यंत तो काही बोलला नाही.

मग म्हणाला, "वजन किती असेल?"
"ते मला कसं कळणार?" मी म्हटलं.
"आठवीपण ऐकवते, थांब."